बॉनेटविना गाडी: हॉट रॉडच्या मॉडेलसाठी सुटे भाग घडवताना

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी आणि वेगवान करून घडवलेली गाडी. तिच्या मॉडेलमध्ये झाकपाक करायला जागा नसते. साध्या गाडीचं बॉनेट एकदा लावलं की इंजिनाचे निम्मे दोष पोटात जातात आणि मडगार्डाखालचं सस्पेन्शन कुणी वाकून बघत नाही. इथे मडगार्ड काढून टाकलेले, बॉनेटचे बाजूचे पत्रे गायब, पुढचा एक्सल, पाटे, स्टिअरिंगचे दांडे सगळे उघड्यावर. किटमधला एक्सल जाडजूड असला आणि एक्झॉस्टची टोकं भरीव असली की पहिली नजर तिथेच जाते. मूळ गाड्या तरी कशा बनल्या? १९३० आणि १९४०च्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी स्वस्तातल्या जुन्या फोर्ड घेतल्या, नको ते वजन काढलं आणि एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांवर त्या पळवल्या. एका गाडीचा एक्सल, दुसरीचे ब्रेक, तिसरीचं इंजिन. त्यामुळे अशा गाडीचं मॉडेल करताना दोन-तीन किटमधले भाग एकत्र करणं आणि जे मिळत नाही ते स्वतः घडवणं हे ओघानंच येतं.

सूचनापत्रक बघून किट स्वच्छ जोडता येतं आणि आता करवत हातात घ्यावीशी वाटते, अशांसाठी हा लेख आहे. सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट आधीच सांगतो. कुठलाही भाग करायला घेण्याआधी स्वतःला विचारा, खऱ्या गाडीत हा कशाला बोल्ट केलेला असतो आणि कशाचा भार घेतो? याचं उत्तर येत असेल तर भाग ओबडधोबड झाला तरी पटतो. उत्तर येत नसेल तर कितीही सुबक झाला तरी तो हवेत चिकटवल्यासारखा दिसतो.

साल ठरवा, मग माप काढा

मॉडेल कोणत्या काळातल्या गाडीचं आहे ते कागदावर लिहून ठेवा. फोर्डचं फ्लॅटहेड (सपाट हेडचं) व्ही-८ इंजिन १९३२ साली आलं, २२१ घन इंचांचं आणि ६५ अश्वशक्तीचं. फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणारे, ब्रेक दिले ते १९३९च्या मॉडेलपासून. शेव्हर्लेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ बाजारात आलं १९५५ साली. म्हणजे १९३२च्या फोर्डवरून १९४८ साली घडवलेली म्हणून जी गाडी बनवताय, तिच्यात स्मॉल ब्लॉक बसवलंत तर जाणकार माणूस पुढचं काही बघणारच नाही. त्याच गाडीला पुढच्या चाकांशी ब्रेकचे रबरी होज दाखवलेत, तर मालकाने नंतरच्या फोर्डचे ब्रेक आणून बसवलेत हे न सांगता कळतं.

मापांच्या बाबतीत १/२५ हे प्रमाण म्हणजे वरदान आहे. खऱ्या गाडीचा एक इंच या प्रमाणात १.०१६ मिमी होतो, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटरच. अमेरिकी गाड्यांची सगळी मापं इंचांत, तेव्हा लहान भागांसाठी गणित करायचं कारणच नाही. चार इंचांचा भाग चार मिलिमीटरचा कापा. लांब मापांना मात्र हा ढोबळपणा चालत नाही. १९३२च्या फोर्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, १०६ इंच. सरळ १०६ मिमी धरलात तर पावणेदोन मिलिमीटर कमी पडतात, खरं माप १०७.७ मिमी. तुमचं किट १/२४चं असेल तर इंचाला १.०५८ने गुणा. दोन्ही प्रमाणांतली किटं दुकानात शेजारीशेजारी असतात आणि एकातलं इंजिन दुसऱ्यात खपूनही जातं, पण चाकं आणि बॉडी अशी उसनी घेताना आधी मोजून बघा.

सामान थोडंच लागतं. स्टायरिनची पांढरी शीट ०.२५, ०.५ आणि १ मिमी जाडीची, त्याच प्लॅस्टिकच्या काही पट्ट्या, दांड्या आणि नळ्या. पितळेची तार आणि नळी. शिसं नसलेली सोल्डर वायर. बारीक दातांची करवत, चांगल्या कानशी, हाताने फिरवायचा छोटा ड्रिल आणि ०.३ मिमीपासूनचे बिट, व्हर्नियर कॅलिपर. प्लॅस्टिक वितळवून जोडणारा पातळ सिमेंट, सुपरग्लू आणि धातूसाठी इपॉक्सी. सिमेंट वापरताना खिडकी उघडी ठेवा. पॉलिश पेपर ओला करून घासा, म्हणजे भुकटी नाकात जाणार नाही.

चिकटवण्याआधी गाडी उभी करा

इथे घाई करणारे बरेच असतात. इंजिन सुरेख बनवतात, एक्सल बनवतात आणि शेवटी कळतं की गाडी डोंगर चढायला निघाल्यासारखी नाक वर करून बसली आहे. हॉट रॉडचं सगळं सौंदर्य तिच्या बसण्यात आहे. मागची चाकं मोठी, पुढची लहान, बॉडी पुढे किंचित झुकलेली.

त्यामुळे चॅसी, बॉडी, चाकं आणि रेडिएटरचं कवच हे चारच भाग मास्किंग टेप आणि भिंतीवर पोस्टर चिकटवायच्या मऊ पुट्टीने तात्पुरते जोडा. गाडी काचेवर ठेवा, डोळा चाकाच्या उंचीवर आणा आणि फोनने बाजूने फोटो काढा. वरून बघताना न दिसलेली चूक फोटोत लगेच दिसते. पुट्टी दाबून-वाढवून मनासारखं बसलं की तीन मापं टिपून घ्या, पुढच्या एक्सलच्या मध्याची जमिनीपासूनची उंची, चॅसीच्या खालच्या कडेची पुढची उंची आणि मागची उंची. यापुढचा प्रत्येक भाग या तीन आकड्यांना बांधील.

छत खाली आणणं

छत कापून बुटकं करणं म्हणजे चॉप, या छंदातली सगळ्यात भीतीदायक वाटणारं करवतकाम. खरं तर काम सोपं आहे, अवघड असते ती आखणी. दोन ते चार इंचांचा चॉप नेहमीचा. आपण तीन इंच, म्हणजे तीन मिलिमीटर धरू.

आधी बॉडी आतून बांधून घ्या. स्प्रूचे, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, जाड तुकडे खिडकीच्या रेषेखाली दोन्ही बाजूंना आडवे चिकटवा, आणखी एक छताच्या आत. खांब कापले की बॉडीच्या भिंती आत किंवा बाहेर कलतात, ते यामुळे टळतं. मग बॉडी काचेवर समतल बसवा. एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधा आणि तो ठोकळा काचेवरून सरकवत बॉडीभोवती रेघ फिरवा. हाताने आखलेली रेघ डावीकडे आणि उजवीकडे कधीच सारखी येत नाही. पहिली रेघ खांब जिथे सरळ आणि एकसारख्या रुंदीचा आहे तिथे, खिडकीच्या गोलसर कोपऱ्यांपासून दूर. पेन्सिल तीन मिलिमीटर वर सरकवून दुसरी. दोन्ही रेघांमधला भाग मार्करने काळा करा. जाणार तो काळा भाग, आणि करवत चालवायची ती काळ्यातच, रेघेच्या आतल्या बाजूने. करवतीची स्वतःची जाडी पाव मिलिमीटर तरी खाते, ती टाकाऊ भागातून जाऊ द्या. उरलेलं कानशीने रेघेपर्यंत आणा.

आता छत खाली ठेवून बघा. खांब एकमेकांवर बसत नाहीत ना? बसणारच नाहीत. पुढचा खांब वर जाताना मागे झुकलेला असतो. मधला तुकडा काढल्यावर वरच्या खांबाचं बूड खालच्या खांबाच्या माथ्याच्या मागे येतं. मागच्या काचेचा भाग उलट, वर जाताना पुढे झुकलेला, त्यामुळे तिथे छत पुढे आल्यासारखं दिसतं. म्हणजे छत लांबीला कमी पडतं. किती, ते झुकावावर आहे. खांब १० अंश झुकलेला असेल आणि तीन मिलिमीटर काढले असतील तर फरक अर्ध्या मिलिमीटरचा. तोच खांब ३० अंश झुकलेला असेल तर पावणेदोन मिलिमीटर. फोर्डच्या मॉडेल ए किंवा १९३२च्या गाडीचे पुढचे खांब जवळजवळ उभे असतात म्हणून पहिला चॉप त्यांच्यावरच करावा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक खालचा खांब जरासा मागे कलता करून आणि कानशीने भागतो. झुकलेल्या खांबांच्या गाडीत मात्र छत मधोमध आडवं कापून त्यात पट्टी घालावी लागते. ते काम दुसऱ्या-तिसऱ्या गाडीसाठी राखून ठेवा.

जोडताना नुसत्या सिमेंटवर भरवसा नको. प्रत्येक खांबात ०.४ मिमीचं भोक पाडून पितळी तारेची बारीक खिळी घाला. आधी पुढचे दोन खांब जोडा, छताच्या पन्हळीची उंची दोन्ही बाजूंना त्याच ठोकळ्याने तपासा, मगच मागे जा. सिमेंट पुरतं सुकायला एक रात्र द्या. लगेच घासलंत तर सांधा नंतर आक्रसतो आणि रंगाखाली बारीक खाच उमटते. फटी भरायला सुपरग्लू आणि खाण्याचा सोडा हे मिश्रण छान काम देतं. फक्त ते तासाभराच्या आत घासा. जास्त वेळ गेला की ते प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं आणि पॉलिश पेपर आजूबाजूचं प्लॅस्टिक खाऊन तिथे उंचवटा ठेवतो.

किटच्या काचा आता निरुपयोगी. पॅकिंगच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून नव्या कापा. आणि हो, सीटची पाठ आणि स्टिअरिंगसुद्धा नव्या खिडकीच्या मानाने खाली घ्यावी लागते, नाहीतर ड्रायव्हरला मान मोडून बसावं लागेल असं वाटतं.

बॉडीचा पत्रा खरा वाटावा म्हणून एक कष्टाचं पण फळ देणारं काम आहे. खऱ्या गाडीचा पत्रा मिलिमीटरच्या आत-बाहेर जाडीचा. किटची बॉडी तेवढीच जाड, म्हणजे प्रमाणात तब्बल एक इंच! सगळी बॉडी पातळ करता येत नाही, पण जिथे कड दिसते तिथे, म्हणजे चाकांजवळ, दारात, खिडकीत, आतून तिरकं घासून कड धारदार करा. बघणारा कडेवरूनच जाडी ठरवतो.

बॉडी खाली की चॅसी वर

गाडी आणखी बुटकी करायचे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. चॅनेलिंगमध्ये बॉडीची फरशी कापून ती वर बसवतात, त्यामुळे बॉडी चॅसीच्या दोन्ही दांडांना पोटात घेऊन खाली येते. हे करताना इंजिन आणि रेडिएटर जागेवरच राहतात, मग रेडिएटरचं कवच बॉडीच्या मानाने उंच दिसतं. त्याला खालून तेवढंच कापावं लागतं. दुसरा मार्ग चॅसी मागे झेड आकारात कापून जोडण्याचा. मागचा दांडा कापायचा, मागचा तुकडा चार-पाच मिलिमीटर वर उचलायचा आणि मधला उभा तुकडा १ मिमीच्या शीटमधून घालायचा. कापल्या जागी आतून पातळ शीटची पट्टी चिकटवा, कारण खऱ्या वेल्डरने पण तिथे पट्टी लावलीच असती.

१९३२च्या फोर्डवर मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. तिच्या चॅसीच्या बाजूला दाबून काढलेली जी नक्षीदार रेघ आहे, ती मडगार्ड काढल्यावर उठून दिसते. बॉडी खाली आणून ती झाकली तर गाडीच्या देखणेपणातला मोठा भाग गेला.

पुढचा एक्सल

हा गाडीचा चेहरा. ड्रॉप्ड एक्सल म्हणजे मधला दांडा खाली आणि दोन्ही टोकं वर वाकवलेला. चाक जिथे बसतं ते टोक जितकं वर, तितकी गाडी खाली. चार इंचांचा ड्रॉप हवा असेल तर किटच्या एक्सलची दोन्ही टोकं कापा आणि ती चार मिलिमीटर वर चिकटवा, मधल्या वळणासाठी १ मिमीच्या पट्टीचा तुकडा तिरका घाला. तिन्ही तुकडे ०.५ मिमीच्या तारेने पिन करा. नाहीतर चाकं बसवताना हमखास तुटतो. आय आकाराच्या एक्सलची मधली खाच किटमध्ये बहुतेक वेळा उथळ असते, ती बारीक छिन्नीने खोल करा. दोन टोकं एका उंचीवर आहेत का हे कागदावर पालथं ठेवून नाही कळत. काचेवर चाकांसकट उभं करून बघा.

फोर्डचे पाटे आडवे, एक्सलच्या समांतर. किटमध्ये त्यांचा एकच ठोकळा येतो. ०.२५ मिमीच्या शीटच्या दोन मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा, प्रत्येक पुढची आधीपेक्षा थोडी आखूड, आणि पितळी नळीवर वाकवून एकावर एक चिकटवा. मधे बांधायला यू-बोल्ट म्हणून बारीक तार. पाच-सहा पट्ट्यांच्या कडा सुट्या दिसल्या की पुढून बघताना फरक पडतो.

सुरुवातीला सांगितलेला प्रश्न इथे विचारा. एक्सलला पुढे-मागे हलू न देणारं काय आहे? पाटे आडवे असल्यामुळे ते काम त्यांचं नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना हेअरपिन हव्यात. एक मिलिमीटर पितळी तार अर्ध्यात वाकवली की झाली हेअरपिन. उघडी टोकं एक्सलच्या वर आणि खाली, बंद टोक मागे चॅसीच्या दांडाला एका छोट्या कंसात. स्टिअरिंगचंही तसंच. बॉक्सपासून निघालेला दांडा चाकाच्या हाताला लागला पाहिजे, आणि दोन चाकं जोडणारा दांडा एक्सलशी समांतर धावला पाहिजे. यातला एखादा दांडा मधेच संपलेला दिसला तर गाडी वळणार कशी, असं कुणीही विचारेल. जोडांच्या टोकांना स्टायरिनच्या दांडीचे पातळ काप चिकटवा आणि मधे सुईने खळगा पाडा.

इंजिनातली तारांची आणि नळ्यांची कामं

फ्लॅटहेडमध्ये एक गंमत आहे जी अनेक देखण्या मॉडेलमध्ये चुकलेली दिसते. मधल्या दोन सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकाच तोंडातून बाहेर पडतो. म्हणून या इंजिनाला एका बाजूला तीनच पाइप, चार नाहीत. शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉकला मात्र चार, आणि मधली दोन तोंडं एकमेकांच्या जवळ.

पाइप सोल्डर वायरचे करा. पावणेदोन इंचांचा पाइप म्हणजे १.८ मिमीची वायर. सोल्डर हाताने वाकते, पण पक्कड लावली की ओरखडे पडतात आणि ते क्रोमखाली चमकून दिसतात. ड्रिल बिटच्या मागच्या गुळगुळीत टोकाभोवती बोटानेच वाकवा. घाईत वाकवलेला पाइप वळणाच्या आतल्या बाजूने चपटा होतो, तो टाकून दुसरा घ्या, सरळ करत बसू नका. इंजिनाला लागणारी पट्टी ०.५ मिमीच्या शीटची. दोन शीट टेपने एकत्र बांधून डाव्या-उजव्या पट्ट्या एकदमच कापा आणि एकदमच भोकं पाडा, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात. मागे सगळे पाइप एका तीन मिलिमीटर नळीत जातात. तिचं टोक ड्रिलने आतून पोकळ करा. डावी आणि उजवी बाजू एकमेकांची प्रतिबिंबं असल्यामुळे एक बनवून रबरी साच्यातून दुसरी ओतण्याचा मोह इथे उपयोगाचा नाही. साचा ठेवा कार्ब्युरेटरसाठी, कारण तीन एकसारखे हवेत.

त्या काळातला लाडका कार्ब्युरेटर स्ट्रॉम्बर्ग ९७. त्याच्या नावातला आकडा ०.९७ इंचाच्या व्हेंच्युरीवरून, म्हणजे हवा जाण्याच्या अरुंद गळ्यावरून, आला, म्हणजे आपल्या प्रमाणात एक मिलिमीटर. प्रत्येकाच्या डोक्यात १ मिमीची दोन भोकं शेजारीशेजारी पाडा, आत काळा रंग, आणि किटचा भरीव गोळा एकदम यंत्र वाटायला लागतो. तिघांना जोडणारी थ्रॉटलची दांडी ०.२५ मिमी तारेची. ती विसरू नका, तिच्याविना तीन कार्ब्युरेटर म्हणजे तीन बाटल्या.

स्पार्क प्लगच्या वायरी खऱ्या गाडीत सात-आठ मिलिमीटर जाड, आपल्याकडे ०.३ मिमी. बाजारात मिळणारी बरीच तयार वायर याच्या दुप्पट जाड असते, इंजिनावर ती दोरखंडासारखी दिसते. डिस्ट्रिब्युटरचं डोकं ०.३५ मिमी बिटने पोखरा. फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी आणि प्लग हेडच्या वर उभे. स्मॉल ब्लॉकचा मागे, ड्रायव्हरच्या भिंतीला लागून, आणि प्लग खाली एक्झॉस्टच्या बाजूला. ज्यांना सिलिंडर पेटण्याचा क्रमही बरोबर हवा त्यांच्यासाठी: फ्लॅटहेडचा १-५-४-८-६-३-७-२, स्मॉल ब्लॉकचा १-८-४-३-६-५-७-२. ब्रेकच्या धातूच्या नळ्या ०.२ मिमी तारेच्या पुरेत, चॅसीच्या आतल्या कडेने.

लूव्हर

बॉनेटवरच्या हवेच्या फटी प्लॅस्टिकमध्ये कोरून बघितल्या तर फार वेळ खातात. त्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या वापरून टाकायच्या ट्रेचा मऊ पत्रा घ्या. पितळी पट्टीच्या टोकाला तीन मिलिमीटर रुंद असा आकार द्या की एक कड सरळ आणि धारदार, दुसरी उतरती गोल. हा तुमचा ठसा. पत्र्याखाली जरा दबणारं रबर ठेवा आणि पत्र्याच्या मागच्या बाजूने ठसा दाबा. सरळ कड पत्रा कापते, गोल बाजू त्याला फुगवते आणि लूव्हर तयार होतो. अंतर चुकू नये म्हणून आलेखाच्या कागदाची पट्टी मागे चिकटवा आणि प्रत्येक रेघेवर एक ठसा. जोर दर वेळी सारखा हवा, यासाठी रद्दी पत्र्यावर दोन-चार ओळी आधी मारा. नंतर मागची पोकळी इपॉक्सीने भरली की बोटाने दबत नाही. पत्रा बॉनेटवर चिकटवताना कडा किटच्या पॅनेलच्या रेघांपर्यंतच ठेवा, म्हणजे जोड दिसत नाही.

रंगाआधी आणि शेवटची जोडणी

किटचे क्रोम भाग कापायचे असतील तर आधी क्रोम उतरवा. त्यावर सिमेंट धरत नाही आणि खालचा साच्याचा सांधा तसाच राहतो. कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवले की क्रोम निघून जातं. हातमोजे घाला आणि ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये, विशेषतः ॲसिडमध्ये, मिसळू नका, विषारी वायू होतो. नवं क्रोम करताना चमकणाऱ्या भागाखाली चकचकीत काळा रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. खालचा थर जितका गुळगुळीत, तितकं वरचं क्रोम.

राखाडी प्रायमरचा पहिला हात म्हणजे रंग नव्हे, तपासणी समजा. चॉपचे सांधे, एक्सलचे तुकडे, पत्र्याच्या कडा सगळं एका रंगात आल्यावर खाचा आपोआप दिसतात. तिथे पुट्टी, परत घासणं, परत प्रायमर. खांबांवर हे दोन-तीनदा होतंच.

जोडणीचा क्रम असा ठेवा: चॅसीवर मागचा एक्सल, मग पुढचा, चारही चाकं टेकतात का ते काचेवर बघायचं आणि मगच सिमेंट. त्यानंतर इंजिन, मग एक्झॉस्ट, कारण पाइपांना चॅसीच्या दांडावरून बाहेर यायची वाट बॉडी बसल्यावर सापडत नाही. मग बॉडी, मग रेडिएटर. रेडिएटरचे होज सगळ्यात शेवटी. त्यांची लांबी कागदावर काढून उपयोग नाही, इंजिन आणि रेडिएटर आपापल्या जागी चिकटल्यावर मधलं अंतर कॅलिपरने मोजा, सोल्डर वायर तेवढी कापा, वाकवा, मॅट काळा रंग द्या आणि दोन्ही टोकांना फॉइलच्या बारीक पट्टीचे क्लॅम्प गुंडाळून बसवा.